संस्थापकांच्या गळ्यातले बोंबील

१

भाऊसाहेबांच्या गळ्यात बोंबलांची माळ होती आणि भाऊसाहेब नेहमीसारखेच गंभीर होते. ब्राँझच्या माणसाला दुसरा इलाज तरी काय असतो म्हणा! पण त्या सकाळी ज्यांनी ज्यांनी तो अर्धपुतळा पाहिला, ते आजही छातीवर हात ठेवून सांगतात की साहेबांचं नाक जरासं आक्रसलेलं होतं.

दिवस नेमका संस्थापक दिनाचा. अंधेरी पश्चिमेच्या त्या कॉलेजच्या दर्शनी हॉलमध्ये, जिन्याच्या कठड्याला लागून भाऊसाहेबांचा पुतळा. समोर आदल्या संध्याकाळी काढलेली रांगोळी, हिरव्यागार समुद्रात पांढरं गलबत. झेंडूचा हार यायचा होता. त्याआधीच कुणीतरी सुक्या बोंबलांचा घालून मोकळं झालं होतं. आणि तो पहिल्यांदा दिसला उपप्राचार्य कल्पिता मॅडमना. मॅडम अशा किंचाळल्या की सांताक्रूझला टेकू पाहणारं विमान घाबरून पुन्हा वर गेलं, असं कँटीनचा परेशभाई सांगतो. विमानाचं काय ते तो जाणे, पण पाहुणे यायच्या आत माळ मॅडमच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात बंद झाली, झेंडूचा हार चढला, भाषणं झाली आणि ‘कुणी केलं’ याचं उत्तरही सगळ्यांना मिळून गेलं.

जानकी वैती. मढची. एसवायची. कोळ्यांची पोर.

विद्यार्थी संघाची जीएस दर्शना बनसोडे घाटकोपरहून मेट्रोने आली तेव्हा गेटवरच तिला तिचा सहसचिव प्रज्योत भेटला. गळ्यात शिट्टी, शिट्टीच्याच दोरीला जिमखान्याची किल्ली. प्रज्योत मुलुंडहून येतो आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचतो, याचं कॉलेजात कौतुक होतं.

"वाट लागली यार दर्शना," तो म्हणाला. "मॅडम जानकीला रस्टिकेट करायला निघाल्यात. दुपारी सुनावणी."

"जानकीने केलंय?"

"मी नाही म्हणत. पण बघ ना. कँटीनमध्ये माशाचा डबा खाऊ द्या म्हणून सह्या कुणी गोळा केल्या? तिने. काल रांगोळी काढून सगळ्यात शेवटी कोण गेलं? ती. आणि भाऊसाहेबांच्या खांद्यावर हिरवा रंग सापडलाय. रांगोळीचा. हात तिचेच ना रंगलेले?"

त्या कॉलेजात एक नियम होता, चांगला नियम. आरोप असलेल्या विद्यार्थ्याच्या शेजारी सुनावणीत संघाचा माणूस बसणार. पहिल्या वर्षाला दर्शनावर कॉपीचा खोटा आळ आला होता, तेव्हा अशाच एका जीएस ताईने शेजारी खुर्ची ओढली होती. त्या खुर्चीचा आवाज दर्शनाच्या कानातून अजून गेला नव्हता.

संघाच्या खोलीत जानकी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, पण डोळे लाल होते.

"वर्ष गेलं ना दर्शनाताई, तर बाबा परत नाही पाठवणार. इतकी भांडून आलेय मी शिकायला."

"तू केलंस?"

"आईशपथ नाही."

"काल पिशवीत काय होतं तुझ्या? मॅडमना वास आला म्हणतात."

जानकीने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सुके बोंबील होते."

२

घरात मासा कधी न शिजलेल्या प्रज्योतने कपाळावर हात मारला. "झालं! आता काय बोलणार?"

"कुणासाठी आणलेले?" दर्शनाने विचारलं.

"शिवदासमामांसाठी. त्यांच्या बायकोने मागितले होते. संध्याकाळीच दिले त्यांना. सगळेच्या सगळे."

शिवदास म्हणजे कॉलेजचा शिपाई. शटर उघडणारा, शटर पाडणारा, आवारातल्याच खोलीत राहणारा. म्हणजे बोंबील त्याच्याकडे आणि हॉलची किल्लीही त्याच्याकडे. पण तीस वर्षं ज्या पुतळ्याला रोज पुसलं, त्याच्या गळ्यात तो हे का घालेल?

"आधी माळ बघू," दर्शना म्हणाली.

कल्पिता मॅडमनी कपाट उघडलं ते नाकाला पदर लावून. माळ टेबलावर आली. सुतळीला शेपट्यांनी बांधलेले बोंबील, डोकी खाली लोंबकळत. जानकीने एकच नजर टाकली आणि तिचा चेहरा बदलला.

"हे आमच्यातल्या कुणाचं काम नाही, मॅडम. बोंबील कुणी शेपटीने बांधतं? आम्ही दोन बोंबील घेतो, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतो आणि जोडी टाकतो वलांडीवर, वाळवायच्या आडव्या बांबूवर. गाठच लागत नाही. लहान पोरंपण तसंच करतात."

दर्शनाने मॅडमकडे पाहिलं. हे बरं निघालं, असं तिला वाटून गेलं. पण कल्पिता मॅडम तर्कशास्त्र शिकवायच्या आणि घरीसुद्धा भाजीवाल्याला दोन पर्यायांचं कोडं सोडवायला लावायच्या.

"छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला माहीत होतं की कोळी जबड्याने अडकवतात. मग ओळखू येऊ नये म्हणून तू शेपटीने बांधलेस. हा पुरावा तुझ्या बाजूने जातो की विरुद्ध?"

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं आणि कुणालाच काही बोलता आलं नाही. त्या आवाजात जानकीने नकळत माळेतला एक बोंबील बोटांत धरून वाकवला. तो वाकला. मोडला नाही.

आवाज विरला तसं ती पुटपुटली, "हा असा सर्दाळलेला कसा?"

"म्हणजे?" दर्शना.

"सुका बोंबील कडकडीत असतो. मोडला की आवाज येतो. हा बघ, फ्रिजमधून काढलेल्या बिस्किटासारखा नरम. आम्ही डब्यात ठेवतो, पत्र्याच्या. फ्रिजमध्ये नाही कुणी ठेवत."

"बास," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं दुपारी समितीपुढे. आणि दर्शना, त्या समितीत विद्यार्थ्यांच्या वतीने प्रज्योत बसणार आहे. संघावर अन्याय झाला, असं नंतर म्हणू नकोस."

बाहेर आल्यावर प्रज्योतने दर्शनाला बाजूला घेतलं.

"ऐक माझं. जानकीला सांग, गंमत केली म्हणून माफी माग. मी आतून सांभाळतो. रस्टिकेट नाही होणार. फार तर वर्षभर निवडणूक लढवायची बंदी. परीक्षा तर देईल!"

"न केलेल्या गोष्टीची माफी?"

"मग हरवून बस सगळं. तुझ्याकडे आहे काय? एक नरम बोंबील!"

खरंच, तिच्याकडे तेवढंच होतं.

३

शिवदास पंपाच्या खोलीत बादली घासत होता. दर्शनाला पाहून त्याने बादली अशी घासायला घेतली की तिच्यातून सोनंच निघणार आहे.

"मामा, जानकीने दिलेले बोंबील कुठेत?"

बादली थांबली.

"तुका कोणी सांगितलां?" मालवणचा माणूस, घाबरला की थेट गावच्या बोलीत जायचा. "ताई, मॅडमांका सांगू नको हां. आवारात मासो आणूचो नाय असा नियम आसा. माझी नोकरी जायत."

"आणि तुम्ही गप्प राहिलात तर जानकीचं वर्ष जाईल."

शिवदासने मान खाली घातली. मग उठला आणि तिला आपल्या खोलीवर घेऊन गेला. खोलीच्या आढ्याला एक आकडा, आकड्याला पत्र्याचा डबा, डब्याला चारही बाजूंनी दोरी आणि झाकणावर आख्खी वीट. असा बंदोबस्त बँकेच्या तिजोरीला नसेल. दोरी सोडून त्याने झाकण काढलं. बोंबील जसेच्या तसे, जोडी-जोडीने, आणि कडकडीत. दर्शनाने एक मोडून पाहिला. काटकन आवाज आला.

म्हणजे माळ या बोंबलांची नव्हती. दर्शनाला हायसं वाटलं आणि लगेच प्रश्न पडला, मग ती कुणाच्या बोंबलांची होती?

"पण मामा, हा एवढा बंदोबस्त कशाला?"

"ट्रस्टीसाठी!"

ट्रस्टी म्हणजे कॉलेजचं मांजर. पांढरं, जाडजूड, काम काही नाही आणि खाणं वेळेवर, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

"रात्री हांतरुणार डबो ठेवून नुसतो हात धुवूक गेलंय," शिवदास सांगायला लागला, "तर परत येतंय तो झाकणावर ट्रस्टी! बंद डब्यातलो वास लागता तिका. मढात गावलेल्या माशाचो वासपण हिका अंधेरीत लागत असतलो. जानकीची आई पुतळाबाय वलांडीखाली काठी घेवन बसता ती उगाच नाय. सुक्या मासळीकडे पाठ फिरवलीस काय गेलीच ती."

"रात्री कुठे असते ट्रस्टी?"

"खंय म्हणजे? भाऊसाहेबांच्या खांद्यार. शटर पाडलंय काय खालच्या फटीतून आत शिरता आणि साहेबांच्या मानेभोवती मफलरासारखी झोपता. रोज सकाळी मी पुसतंय. आज मात्र पंपाक हवा धरलेली, पुसूक गावलाच नाय. पंपाकडे होतंय, तोवर मॅडमांची बोंब इली."

"काल शटर पाडताना रांगोळी कशी होती?"

"झकास! एक रेघ हललेली नाय. जानकी माझ्याच डोळ्यांसमोर भायर पडली आणि मी शटर ओढलंय."

दर्शना वळली ती सरळ धावत सुटली. हॉल रिकामा होता. पाहुणे वर चहाला गेले होते. रांगोळीवर एव्हाना पाहुण्यांच्या चपला पडून समुद्राचा चिखल झाला होता. पण भाऊसाहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार तसाच होता. तिने जिन्याच्या कठड्यावरून ओणवून तो हार अलगद बाजूला केला.

खांद्यावर हिरवा रंग होता. एक गोल ठिपका आणि त्याच्यावर चार बारीक ठिपके. मग पुन्हा एक गोल, पुन्हा चार.

४

हे बोट नव्हतं. हा पंजा होता.

दर्शनाने फोटो काढला, तो इतक्या जवळून की पहिल्या फोटोत ट्रस्टीचे पंजे हत्तीएवढे आले. दुसरा नीट आला. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि एकेक गोष्ट मनात मांडू लागली.

जानकी गेली, शटर पडलं, तेव्हा रांगोळी अखंड होती. त्यानंतर ट्रस्टी रांगोळी तुडवून साहेबांच्या खांद्यावर चढली आणि तिथे झोपली. तेव्हा साहेबांच्या गळ्यात बोंबील असते तर? सकाळी सुतळी तरी उरली असती का? माळेतला एकही बोंबील कुरतडलेला नव्हता. म्हणजे रात्री माळ तिथे नव्हतीच! ती सकाळी, शटर उघडल्यावर, कठड्यावरून ओणवून कुणीतरी घातली.

जानकी सुटली. पण मॅडमसमोर एवढं पुरणार नव्हतं. "मग कुणी?" असं त्या विचारणार आणि उत्तर नसलं तर म्हणणार, जानकीच सकाळी लवकर आली असेल. दर्शनाने फोन काढला आणि प्रज्योतला सगळं सांगून टाकलं. पंजा, झोप, सकाळ.

"ग्रेट यार," तो म्हणाला. "पण हे आत्ताच कुणाला बोलू नकोस. समितीत मी बरोबर वेळी काढतो."

सकाळी हॉलमधून कोण कोण गेलं? शिवदास पंपावर होता. कल्पिता मॅडमना माळ दिसली. आणि दूध आलं की परेशभाई कँटीन उघडतो. फ्रिजही त्याच्याकडे, आणि जानकीच्या सह्यांवर चिडलेलाही तोच.

परेशभाई काउंटरमागे उभा राहून सामोशांकडे असा बघत होता की तेच गुन्हेगार आहेत.

"परेशभाई, तुमचा फ्रिज बघायचाय."

"केम? म्हणजे का?" आणि मग त्याला उमगलं. तो छातीवर हात ठेवून मागे सरकला. "बेन! मी बोंबील माझ्या फ्रिजमध्ये ठेवीन? आत श्रीखंड आहे! ट्रस्टींच्या जेवणाचं श्रीखंड! वास लागला तर ते मला नाही का बोंबलासारखं वाळत घालणार?"

त्याने स्वतःच फ्रिज सताड उघडला. दर्शनाने आत डोकं घातलं. वेलचीचा वास. फक्त वेलचीचा.

"त्या पोरीवर राग नाही माझा," परेशभाई हळू आवाजात म्हणाला. "करारात लिहिलंय म्हणून नाही म्हणतो. मागच्या दाराशी एक टेबल टाकून द्या, खा म्हणावं तिकडे. मी काय, मांजराला दूध घालतोच ना चोरून! शटर उघडलं की आधी ती माझ्याकडे येते, मग सूर्य उगवतो."

"आजपण आली होती?"

"आली, प्यायली, इथेच लोळली. पण आता बघ ना, लाज सोडली तिने. सकाळपासून त्या लंगड्याच्या मागे आहे."

दर्शनाने वळून पाहिलं. कँटीनच्या दारातून कबड्डीचा अनंत लंगडत येत होता. चारकोपचा पोरगा, अंगाने कपाटासारखा. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. आणि त्याच्या मागे, शेपूट झेंड्यासारखी उभारून, ट्रस्टी.

"हाड! हाड ना गं!" अनंत ओरडत होता. "काय लागलंय माझ्या मागे? मगाशी वर्गात गुडघा चाटत होती. पोरी हसतात!"

दर्शना त्याच्यासमोर जाऊन खाली बसली आणि तिने गुडघ्याशी नाक नेलं. जीएसनी एखाद्या कबड्डीपटूच्या गुडघ्याचा वास घेतल्याची त्या कॉलेजच्या इतिहासात दुसरी नोंद नाही.

बर्फाच्या पिशवीच्या फडक्याला बोंबलाचा वास होता.

"मला वाटलं माझे मोजेच," अनंत ओशाळून म्हणाला.

"हा बर्फ कुठून आणलास?"

"जिमखान्याच्या फ्रिजमधून."

"तू काढलास?"

"नाही बाई. तो आज कुणाला फ्रिजला हातच लावू देत नव्हता. बाहेर थांबवलं आणि आतून आणून दिला."

"कोण?"

उत्तर तिला आधीच कळलं होतं. शिट्टी आणि किल्ली एकाच दोरीत. तरी अनंत म्हणाला, "प्रज्योत. दुसरं कोण?"

आणि दर्शनाने मघाशीच आपला सगळा बचाव त्याला फोनवर सांगून टाकला होता.

५

समितीच्या खोलीत कल्पिता मॅडम मधोमध, दोन्हीकडे दोन प्राध्यापक, आणि टोकाला प्रज्योत. समोर एक खुर्ची. दर्शनाने दुसरी खुर्ची मुद्दाम आवाज करत ओढली आणि जानकीच्या शेजारी बसली.

प्रज्योतने आधी बोलायला मागितलं.

"मॅडम, जीएस म्हणतील की खांद्यावर मांजराचे पंजे आहेत. बरोबर आहे. पण मांजराचा काय भरवसा? पोट भरलेलं असेल तर नाही खात. त्याच्यावर आपण निकाल कसा द्यायचा? जानकीने माफी मागितली तर मी दया दाखवायची शिफारस करीन."

मॅडमनी मान डोलावली. जानकीने दर्शनाकडे पाहिलं. तिचा शेवटचा आधार तिच्यासमोर मोडला गेला होता.

"बरोबर," दर्शना म्हणाली. "मांजराचा भरवसा नाही. म्हणून माझी एकच विनंती आहे. माळ टेबलावर ठेवावी आणि दार उघडावं. ट्रस्टी आत्ताच परेशभाईंकडे बशीभर दूध पिऊन आलीय. मी स्वतः पाजलंय."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. तर्काच्या बाईला प्रयोग नाकारता येईना. माळ आली. शिवदासने दार उघडलं.

पुढचं जे झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही म्हणतात. एक पांढरी वीज टेबलावरून गेली. एक प्राध्यापक खुर्चीसकट उताणे. माळ खिडकीखाली, ट्रस्टी माळेवर, आणि कुणी जवळ गेलं तर पोटातून वाघिणीची गुरगुर. शिवदासने हिसकावून घेईपर्यंत अर्धी माळ पोटात गेली होती.

"आख्खी रात्र," दर्शना म्हणाली, "ही बाई त्या खांद्यावर होती."

मॅडमनी शिवदासच्या हातातली उरलेली माळ निरखली. मग सावकाश म्हणाल्या, "माळ सकाळी घातली गेली. मान्य. कुणी?"

"बोंबील नरम होते, मॅडम. ते गार जागेत ठेवलेले होते. कोळ्याघरचं कुणी असं करत नाही, मासे खाणारं कुणीच करत नाही. करतो तो, ज्याच्या घरात मासा कधी शिजला नाही. त्याला फक्त वासाची भीती असते. त्याला वाटतं, थंडीत वास मरतो. आणि मांजराचा विचार त्याच्या डोक्यातही येत नाही, कारण सुकी मासळी राखत कुणी बसलेलं त्याने पाहिलेलंच नसतं. कॉलेजात फ्रिज दोन. एकात श्रीखंड आहे, मी हुंगून आलेय. दुसऱ्यातल्या बर्फाने अनंतच्या गुडघ्याला बोंबलाचा वास लागलाय. तो बाहेर उभा आहे."

"दुसरा कुठला?"

"जिमखान्याचा."

खोलीतल्या सगळ्या माना टोकाच्या खुर्चीकडे वळल्या. प्रज्योत हसला, पण ते हसू ओठांवरच अडकून राहिलं.

"काय यार दर्शना. जिमखान्यात शंभर पोरं येतात."

"येतात. मग चावी दे शिवदासमामांना. फ्रीजरमध्ये बर्फ साचलाय जाड, मला माहितेय, मागच्या वर्षीपासून तू डीफ्रॉस्ट करतो करतो म्हणतोयस. सुका बोंबील काढताना त्याचे पर मोडतात, तुकडे पडतात. मामा जातील, बघतील, परत येतील. काही नसलं तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

शिवदासने हात पुढे केला.

प्रज्योतचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. वरून विमान गेलं. त्याचा आवाज आला, वाढला, विरला. शिवदासचा हात तसाच पुढे होता, आणि प्रज्योतच्या मुठीतली किल्ली काही बाहेर येत नव्हती.

"प्रज्योत," मॅडम म्हणाल्या, "चावी."

त्याने टेबलावर डोकं ठेवलं.

६

"उद्या अर्ज भरायचे होते," प्रज्योत म्हणाला. मान वर न करता. "पुढच्या वर्षीच्या जीएसचे. दोन वर्षं मी राबलो. मैदान, टूर्नामेंट, सगळ्यांची जर्सी. आणि हिने एका महिन्यात डब्यावरून आख्खं कॉलेज मागे लावलं. मला तिला काढायचं नव्हतं, खरंच. नुसती निवडणुकीची बंदी झाली असती. माफी मागितली असती तर संपलं होतं."

"माझं वर्ष संपलं असतं," जानकी म्हणाली. "घरी माफीनामा गेला असता तर बाबांनी दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडायच्या तरीत नसतं बसू दिलं."

मॅडमनी निकाल दिला. जानकी निर्दोष, आणि तसं आज सूचनाफलकावर लागेल. प्रज्योतची सुनावणी उद्या, मुद्दा रस्टिकेशनचाच. मग त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "तुझ्या शेजारी संघाच्या वतीने कोण बसणार?"

सहसचिव तर प्रज्योत स्वतः होता. बाकीचे सगळे जानकीच्या सह्यांवाले. राहिली एक दर्शना, आणि तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

दर्शनाच्या डोक्यात संतापाने नुसत्या ठिणग्या उडत होत्या. हाच माणूस तिच्याबरोबर रात्र रात्र जागून फलक रंगवायचा. हाच सकाळी गेटवर "वाट लागली यार" म्हणाला होता, आणि वाट लावणारा तोच होता. तिला वाटलं, सोडावं एकट्याला. बसू दे भिंतीकडे बघत.

मग तिला ती जुनी खुर्ची आठवली. त्या ताईने दर्शनाला तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं, तू केलंस का म्हणून.

"मी बसेन," ती म्हणाली.

"ताई!" जानकी ताडकन उठली. "याची बाजू घेणार तू?"

"खोटं बोलणार नाही मी. केलंय ते केलंय म्हणून सांगणार. पण शिक्षा किती आणि कुठली, हे चार मोठ्या माणसांनी एका पोराला घेरून नाही ठरवायचं. निवडणूक बंद करा, जिमखाना काढून घ्या, तुझी सगळ्यांसमोर माफी मागू दे. वर्ष नको जायला. वर्ष जाणं म्हणजे काय, ते सकाळपासून तूच सांगतेयस ना मला?"

जानकी पिशवी उचलून, दार आपटून निघून गेली. ट्रस्टी तिच्या पिशवीमागे.

दुसऱ्या दिवशी दर्शना समितीच्या खोलीशी पोचली तेव्हा प्रज्योत बाहेर बाकावर बसला होता. गळ्यात शिट्टी नव्हती, किल्ली नव्हती. मान उघडी पडल्यासारखी दिसत होती. आतून नाव पुकारलं गेलं, तेवढ्यात जिन्यावर धाप टाकत कुणीतरी आलं. जानकी. तरीतून उतरून धावत आली असावी, ओढणीला खाऱ्या पाण्याचे शिंतोडे होते.

"तू?" प्रज्योत उठून उभा राहिला.

"ज्याचं नुकसान झालं त्याचं पण ऐकतात, मी मॅडमना विचारलंय." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "वर्ष नका घालवू म्हणून सांगणार आहे. बाकी सगळं घालवा म्हणून पण सांगणार आहे. उपकार नको समजूस."

"जानकी, मी..."

"नंतर. आईने डबा दिलाय, भाजलेले बोंबील. परेशभाईने मागच्या दाराशी टेबल टाकलंय आजपासून." आणि तिने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. "चला आत, लवकर आटपा. ट्रस्टी पायरीवर बसलीय."